सपाट हाताची साखर

मला माणसं चेहऱ्यावरून फारशी आठवत नाहीत, हातावरून आठवतात. कोपराच्या खालचा, आतल्या बाजूचा हात. नोकरीत मी कुणाच्या तोंडाकडे बघतच नसे, लाज वाटायची. हाताकडे बघायला लाज वाटत नाही. हात काही उलटून आपल्याकडे बघत नाही.

हे दुपारी घरातले सगळे झोपल्यावर लिहिते आहे. सुनेने दिवाळी अंक आणला, त्यात एका स्टेशनमास्तरांनी आपल्या नोकरीतल्या गमती लिहिल्या होत्या. वाचून वाटलं, गमती आपल्याकडेही कमी नाहीत. कुठे पाठवायचं धाडस माझ्याने होणार नाही. चौथी शिकलेल्या बाईचं लिखाण कोण छापणार, आणि छापलंच तर मी दाराबाहेर तोंड कसं काढू?

महाराष्ट्र नवाच झाला होता तेव्हा. खामगावात क्षयाचा दवाखाना होता, तिथे मी आया म्हणून लागले. झाडलोट करायची, सुया उकळायच्या, खोकून थुंकलेल्या बेडक्याच्या डब्या नीट झाकून ठेवायच्या आणि सिस्टर सुई टोचत असताना पेशंटचा हात धरायचा. हे शेवटचं काम मला फार आवडायचं. बोलावं लागत नसे.

आमच्याकडे एक वेगळी सुई होती. ती औषधाची नव्हे, परीक्षेची. क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या अर्काचा थेंबभर भाग कातडीच्या आत सोडायचा आणि तिसऱ्या दिवशी हात बघायचा. अंगातल्या शिपायांची त्या जंतूशी आधी कधी गाठ पडलेली असेल, तर ते त्या थेंबावर धावून येतात आणि तिथे कडक उंचवटा येतो. लोक त्याला फोड म्हणत. त्यात पू नाही, पाणी नाही, पण फोडच म्हणत. नुसती लाली आली तर ती धरायची नाही. बोट फिरवून कडकपणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहायचं आणि पट्टीने मोजायचं. हात कोरा राहिला, तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच की हा माणूस अजून त्या जंतूला भेटलाच नाही.

आता गंमत अशी की आमच्या भागातली बरीच मोठी माणसं त्या जंतूला कधी ना कधी भेटलेली असायची. फोड आला म्हणजे रोग झाला, असं नाही. पण हे लोकांना कोण पटवणार? फोड आला की रडारड. हात सपाट राहिला की साखर. दवाखान्याच्या फाटकातच मुठीमुठीने साखर वाटली जायची. आमच्या शिपायाने त्या काळात कधी चहासाठी साखर विकत आणली नसेल. लग्नाच्या बोलणीतसुद्धा विचारत, "पोरीचा हात सपाट हाय ना?"

तालमीतला एक पैलवान आला होता. त्याचा दंड माझ्या कमरेएवढा. सुई बघूनच तो बाकावरून घसरला, त्याला उचलायला तालमीतले आणखी तिघे बोलवावे लागले. तिसऱ्या दिवशी चांगला रुपयाएवढा फोड. पैलवान रडायला लागला, "साहेब, माही कुस्ती बंद झाली का हो?" आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण होते. ते म्हणाले, "अहो, तुमच्या शरीराने एक कुस्ती तुम्हाला न सांगताच मारली आहे. छातीचा फोटो स्वच्छ आहे, जा घरी." पैलवान डोळे पुसून गेला, आणि मग आठवडाभर बाजारात बाही वर करून फिरला.

दुसरा मलकापूरकडचा एक हमाल. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, फोड आलेल्यांना दुधाची भुकटी मिळते. पठ्ठ्याने घरी जाऊन हाताला बिब्बा घासला. तिसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजलेला, कातडी सोललेली. डॉक्टर हातात पट्टी धरून बघतच राहिले.

"काय लावलंस याला?"

"काई नाही साहेब. देवाची करणी."

"देवाने उजव्या हाताला केली. मी सुई डाव्याला दिली होती."

डावी बाही वर केली, तर तिथे शहाण्यासारखा, मोजून घ्यावा असा फोड आपोआप आलेला. डॉक्टरांनी भाजण्याला मलम दिलं आणि दुधाची भुकटीही दिली. जाताना तो मला म्हणाला, "बाई, आधी सांगायचं ना वो!" जसं काही मीच लपवून ठेवलं होतं.

आता गोदाचं लिहिते. मुळात तिच्याचसाठी लिहायला बसले होते.

खामगावपासून दोन कोसांवर तिचं सासर. माळ्याचं घर. विहिरीखाली वांगी, मेथी, कांदा, आणि बाकी वावरात जवारी. गोदा विशीच्या आतबाहेरची, पहिलंच बाळंतपण झालेलं. बाळंतपणानंतर तिला खोकला लागला तो सुटेचना. सासू अनुसयाबाई आवाजाने आणि अंगाने दणकट बाई. त्यांची सख्खी बहीण याच रोगाने तरुणपणी गेली होती. म्हणून खोकला ऐकल्याबरोबर त्यांनी बाळ गोदाजवळून उचललं आणि स्वतःकडे घेतलं. बाळ शेळीच्या दुधावर. गोदाने त्याला लांबून बघायचं, जवळ घ्यायचं नाही. हे पावसाळ्यापासून चाललं होतं. शेवटी अनुसयाबाईच तिला घेऊन आल्या, "काय ते एकदा सांगून टाका."

गोदाचा हात काडीसारखा होता. बांगड्या कोपरापर्यंत वर जात. सुई दिली, बेडका घेतला. तिसऱ्या दिवशी दोघी आल्या तेव्हा डॉक्टर आत सूक्ष्मदर्शकावर बसले होते. सिस्टरने गोदाच्या हातावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काहीच नाही लागत," त्या म्हणाल्या.

"काईच नाही?" अनुसयाबाई उठल्याच. "ऐकलं का वो गोदा? काईच नाही! म्या म्हटलंच होतं, थंडीचा खोकला हाय."

"अहो, थांबा, डॉक्टरांना बघू द्या," सिस्टर म्हणाल्या. पण तोवर त्या फाटकाशी पोचल्या होत्या. गोदा मागे वळून वळून आमच्याकडे बघून हसत होती. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. "ती मुलगी कुठे आहे?" गेली म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मला आत बोलावून काच बघायला लावली. निळ्या लुगड्यावर कुणी कुंकवाच्या बारीक काड्या सांडाव्यात, तसं दिसत होतं. काड्याच काड्या. तो गोदाचा बेडका.

"एवढे जंतू, आणि हात सपाट," डॉक्टर म्हणाले. "हे चांगलं लक्षण नाही. शरीराचे शिपाई लढून लढून थकले, अंगात जीव उरला नाही, की असं होतं. समोर शत्रू दिसतो, पण हात उचलत नाही. का, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. तिला आज परत आणायला हवं. ते बाळ तिच्याजवळ राहता कामा नये."

दवाखान्याच्या शिपायाला पाठवलं तर खाकी कपडे बघून सगळ्या गावाला कळलं असतं, आणि मग त्या घराच्या विहिरीवरही कुणी आलं नसतं. सिस्टरला सुया सोडून जाता येईना. राहिले मी. मला चार बायकांत "हळदीकुंकू घ्या" म्हणायचं तरी घाम फुटायचा. भाजी उतरवून परत निघालेल्या एका गाडीत बसून मी गेले. वाटभर एकच वाक्य मनात घोकत होते, "मावशी, गोदाला परत यावं लागेल." गाव दिसलं तसं ते वाक्यही गेलं.

अंगणात बायका जमल्या होत्या. अनुसयाबाई साखर वाटत होत्या. आणि गोदा पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ उघडं, ती त्याला तेल लावत होती. पोट, पाठ, पुन्हा पोट. बाळ हसत होतं. तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं.

"या वो बाई, या!" अनुसयाबाईंनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. "तुमच्याच दवाखान्याची कृपा."

मी साखर तोंडात टाकली नाही, खालीही टाकली नाही. मूठ धरून उभी राहिले. घामाने ती चिकट होऊन बोटांतून गळायला लागली.

"मावशी, जरा आत या."

"आत कायले? बोला ना इथंच."

"आत या ना," एवढंच मी म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या.

मागच्या पडवीत गोदाचे सासरे हळदीचं गरम पाणी पीत बसले होते. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नुसती हवा. मग त्यांनी हात जोडले.

"याइचा आवाज बसला," अनुसयाबाई म्हणाल्या. "जवारी दाण्यात आली ना. दिवसभर मचाणावर उभं राहून पाखरं हाकलायची, हुर्र हुर्र करायचं. परवापासून घरात लई शांतता हाय, सांगू काय तुमाले. हां, बोला आता."

मी बोलले. बेडक्यात जंतू सापडले. अनुसयाबाई चिडल्या.

"सकाळी म्हणता काईच नाही, आता म्हणता लई हाय! रोग हाय तर फोड काऊन नाही आला? म्या का पागल हाय?"

डॉक्टरांचं शिपायांचं बोलणं मला आठवत होतं, पण जिभेवर येईना. मी खाली बघत होते. खाली सासऱ्यांच्या पायाशी गोफण पडली होती.

"मावशी," मी म्हटलं, "मामा गप्प आहेत, ते पाखरं नाहीत म्हणून का?"

"पाखरं नाहीत? मायबाई! पाखरं वाढली म्हणून तर आवाज बसला याइचा!"

असं म्हणून त्या थांबल्या. सासऱ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पडवीच्या खांबाला हात लावून खाली बसल्या.

"म्हणजे तिच्या अंगातला राखणदार..."

"मेला नाही, मावशी. आवाज बसला आहे. पाखरं कमी केली की येईल."

सासऱ्यांनी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. त्यांना अनुसयाबाईंच्या आधी कळलं होतं.

अनुसयाबाईंची एक गोष्ट मी मानली. त्यांनी बायकांना काही कळू दिलं नाही. "चला वो, झालं, चुली वाट पाहून राह्यल्या," म्हणून अंगण रिकामं केलं. फाटक लावलं आणि मग गोदासमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले.

"आण त्याले इकडं, पोरी."

गोदाने बाळाला छातीशी धरलं. ती सासूकडे बघत नव्हती, सासूच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

"तू काऊन आली वो?" ती मला म्हणाली. "एक दिवस तर राहू द्यायचा."

त्यानंतर गोदा माझ्याशी बोलली नाही.

आली मात्र रोज. पहाटे भाजीच्या गाडीत वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसून यायची, सुई घ्यायची, कडू पुड्या गिळायची आणि रिकाम्या गाडीतून परत जायची. वावरातल्या खोपटीत तिचं अंथरूण. संध्याकाळी अनुसयाबाई बाळाला घेऊन विहिरीच्या अलीकडे उभ्या राहत आणि गोदा पलीकडे. बाळासाठी ती गवताचे पक्षी करून ठेवायची, पण हातात द्यायची नाही.

दवाखान्यात ती सिस्टरशी बोलायची, डॉक्टरांशी बोलायची, फाटकाजवळ बांधलेल्या शिपायाच्या शेळीशीही बोलायची. माझ्याशी नाही. हात तर मीच धरायचे. मग असं चालायचं.

"सिस्टर, त्या बाईले सांगा, हात ढिला धर म्हणा."

"सिस्टर, तिला सांगा, मी ढिलाच धरला आहे."

"सिस्टर, त्या बाईले म्हणा, हे ढिलं असते का?"

सिस्टर सुई उगारून म्हणायच्या, "दोघींनाही एकेक टोचू का?" बाकावरची माणसं हसायची. गोदाही ओठ दाबून हसायची, पण भिंतीकडे तोंड करून.

बाळाचीही परीक्षा झाली. त्याचा हात सपाट आला, तशा अनुसयाबाई पांढऱ्या पडल्या. "याचाही राखणदार थकला का वो, डॉक्टरसाहेब?" डॉक्टरांना आधी कळेना. मग मला तो मचाणाचा दाखला त्यांना सांगावा लागला. माझं सगळं लक्ष तेव्हा जमिनीकडे होतं. डॉक्टर मोठ्याने हसले. "नाही हो आजी. याच्या वावरात अजून पाखरूच आलेलं नाही." बाळ गुटगुटीत होतं, नीट खात होतं, म्हणून तसं म्हणता आलं. त्याला लस टोचली. तेव्हापासून दवाखान्यातल्या बोलण्यातून अंगातले शिपाई गेले आणि राखणदार आले. डॉक्टरही तसंच सांगायला लागले.

जवारीची सोंगणी झाली. सासऱ्यांचा आवाज परत आला आणि अनुसयाबाई तक्रार करू लागल्या. होळी झाली. डॉक्टरांनी गोदाला पुन्हा ती परीक्षेची सुई दिली. तिसऱ्या दिवशी हात तसाच, सपाट. गोदा उठली. बांगड्या खाली ओढून निघून गेली. अनुसयाबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा तर आला वो आवाज. हिचा काऊन नाही येत?" सगळ्यांचा येत नाही, हे मला माहीत होतं. काही हात मी शेवटपर्यंत सपाटच पाहिलेत. त्यातला एकेक मला आजही आठवतो, पण ते लिहायला माझी लेखणी चालत नाही.

माझी नात नर्सिंगला आहे. ती परवा सांगत होती, कॅन्सरमध्येही अंगातले शिपाई असेच थकतात, आणि आता त्यांना पुन्हा उभं करायची औषधं निघाली आहेत. काहींना लागू पडतात, काहींना नाही. तिने त्या शिपायांचं इंग्रजी नावही सांगितलं. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे त्यांना राखणदार म्हणत. ती हसली.

उन्हाळ्यात गोदाच्या बांगड्या हळूहळू खाली उतरायला लागल्या. आधी कोपरापर्यंत जायच्या, मग मध्येच अडायच्या. हे माझ्याच लक्षात येणार, कारण हात माझ्याकडे असायचा. तिला सांगावंसं वाटे, पण बोलणं बंद होतं. सिस्टरकडून सांगणं बरं दिसलं नसतं. डॉक्टर रोज बेडक्याची काच बघत, आणि कुंकवाच्या काड्या कमी होत गेल्या. मग एकही सापडेना.

पुन्हा सुई दिली. तिसऱ्या दिवशी सगळं घर आलं. सासरे, अनुसयाबाई, त्यांच्या कडेवर बाळ. ते आता चालायला लागलं होतं, उतरायला धडपडत होतं. मी गोदाचा हात धरला. सिस्टरने बोट फिरवलं, आणि बोट अडलं. मला माझ्या तळव्यातूनही कळलं, कारण गोदाचा सगळा हात ताठ झाला.

"डॉक्टर!" सिस्टर ओरडल्या.

डॉक्टरांनी पट्टी लावली, दुसऱ्यांदा लावली. "आला," ते म्हणाले. नेहमी किती आला ते सांगत, त्या दिवशी आकडा सांगायचंच विसरले.

अनुसयाबाई सुनेचा हात धरून ओसरीवर. "फोड आला वो! आमच्या सुनेले फोड आला!" आणि साखर. बाकावर सपाट हात घेऊन बसलेली एक बाई घाबरून म्हणाली, "बाई, फोड आल्यावर कोणी साखर वाटते का?"

"तुमच्या घरी नसल वाटत," अनुसयाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी राखणदाराले जाग आली हाय."

हे त्यांच्या डोक्यात एवढं बसलं, की पुढे धाकट्या मुलासाठी पोरगी बघायला गेल्या तेव्हा सपाट हाताची म्हणून एक चांगली मुलगी नाकारून आल्या. डॉक्टरांना स्वतः जाऊन समजवावं लागलं, तेव्हा ते लग्न झालं.

पण ते पुढचं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता मूल हिच्याकडे द्या. निर्धास्त द्या."

अनुसयाबाईंनी बाळ पुढे केलं. आणि बाळाने भोकाड पसरलं. त्याच्या लेखी ती विहिरीपलीकडची बाई होती. गोदाने त्याला घेतलं तर ते पाठीमागे कमान करून आजीकडे झेपावू लागलं. तिची नथ ओढली, पदर ओढला. गोदाचा चेहरा मी पाहिला, आणि लगेच खाली बघितलं. एवढे महिने ज्याच्यासाठी सुया घेतल्या, पुड्या गिळल्या, ते हातात होतं आणि तिला ढकलत होतं.

ती रडली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, चार पावलं चालून आली आणि बाळ माझ्या अंगावर दिलं.

"धर वो याले जरा," ती मला म्हणाली. सिस्टरला नाही, मला. "पदर खोचू दे."

शेळीच्या दुधाने बाळ चांगलंच जड झालं होतं. क्षणभर ते गप्प झालं आणि माझ्याकडे टक लावून बघू लागलं. मला कुणी असं बघितलं की काय करावं सुचत नाही, मूल असलं तरी. मीही घाबरून त्याच्याकडे बघत राहिले. माझं ते तोंड बघून त्याने जो टाहो फोडला, तो आधीच्या दुप्पट. अंग काढून घेत त्याने दोन्ही हात पसरले. आजी तोवर पुन्हा साखर वाटायला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. जवळ गोदा होती. ते गोदाकडे झेपावलं आणि तिच्या गळ्याला घट्ट बिलगलं.

गोदाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, फोड आलेलाच हात. डोळे भरून तिने मला विचारलं,

"पाह्यलं? ओळखते मले!"

मी मान हलवली. म्हटलं, "हाव, ओळखते."